किट न घेता खटक्याचे लाकडी पेन कसे करावे

लाकडी पेन करण्यासाठी मिळणारे किट, म्हणजे पितळी नळ्या, टोक, खटका आणि क्लिप यांचा तयार संच, आमच्याकडे जळगाव जिल्ह्याच्या चोपडा-यावल भागातल्या दुकानांत सहसा सापडत नाही. तो मागवला, तरी त्यातून होणारे पेन किट बनवणाऱ्याच्याच मापाचे होते आणि आपल्या वाट्याला वरचे लाकूड तेवढे घासण्याचे काम उरते. त्यापेक्षा स्टेशनरीच्या दुकानातले दहा रुपयांचे खटक्याचे पेन, बंद पडलेल्या रेडिओची एरियल, सायकलच्या स्पोकचे एक निपल (स्पोक रिमला आवळणारा छोटा लांबट नट) आणि जुन्या घराच्या तुळईचा वीतभर तुकडा एवढ्या सामानात उत्तम पेन होते. दोन सुट्ट्यांचे दिवस आणि लाकूड सुकण्यासाठी मधला आठवडा इतका वेळ मात्र हाताशी असावा; पॉलिश वाळण्याचे दिवस वेगळे.

या कामात मापांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी रिफिल आणि खटका ठरवावा, त्यांच्यावरून आतल्या भोकांची मापे काढावीत आणि बाहेरच्या आकाराला सर्वांत शेवटी हात घालावा. मी पहिले पेन नेमके उलट केले. अंग अगदी सुबक उतरले, पॉलिशही चढले आणि मग लक्षात आले की खटका दाबल्यावर रिफिलचे टोक तोंडापासून दीड मिलिमीटर आतच राहते. ते पेन आजही माझ्या टेबलावर आहे आणि पाहुण्यांना फार आवडते. लिहिता मात्र त्याने एक अक्षरही येत नाही.

खटका कसा चालतो

खटका आधी नीट समजून घेतला, तर पुढच्या निम्म्या चुका टळतात, म्हणून या भागावर थोडा वेळ घालवावा. स्वस्त पेनाच्या वरच्या अर्ध्या भागात तीन गोष्टी असतात. पहिला दट्ट्या, जो आपण अंगठ्याने दाबतो. त्याच्या खालच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. दुसरी फिरकी, म्हणजे रिफिलच्या शेपटावर बसणारा बोराच्या बीएवढा तुकडा, ज्याला बाहेरून उभे पंख असतात आणि त्या पंखांची वरची कड तिरपी असते. तिसरी गोष्ट सुटी निघत नाही, कारण ती पेनाच्या अंगातच आतल्या बाजूने ओतलेली असते: उभे कंगोरे आणि त्यांच्या मधल्या खाचा. कंगोऱ्यांची खालची टोकेही तिरपी कापलेली असतात. कंगोऱ्यांसह असलेल्या या नळीला पुढे मी मार्गनळी म्हणणार आहे.

दट्ट्या दाबला की त्याचे दाते फिरकीला खाली ढकलतात. जोपर्यंत फिरकीचे पंख खाचांमध्ये आहेत, तोपर्यंत तिला फिरता येत नाही. पण पंख कंगोऱ्यांच्या खाली उतरले की खालून स्प्रिंगचा जोर असल्यामुळे ती दट्ट्याच्या तिरप्या दात्यांवरून घसरते आणि किंचित फिरते. अंगठा सैल केल्यावर स्प्रिंग तिला पुन्हा वर ढकलते, परंतु आता पंखांसमोर खाच नसून कंगोऱ्याचे टोक असते. पंख त्या टोकावर अडून बसतात आणि रिफिल बाहेर राहते. पुन्हा दाबले की फिरकी आणखी थोडी फिरते, पंख पुढच्या खाचेत शिरून वर जातात आणि रिफिल आत येते.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर पारदर्शक अंगाचे एक पेन घ्यावे, फिरकीच्या एका पंखावर काळ्या मार्करने ठिपका द्यावा आणि दट्ट्या अगदी सावकाश दाबून सोडावा. ठिपका प्रत्येक वेळी एकाच दिशेने सरकताना दिसतो आणि एका खटक्याला कंगोऱ्याखाली अडकतो, तर पुढच्या खटक्याला खाचेत चढतो. माझ्या धाकट्याने हा खेळ तासभर केला होता.

पितळी सळईवर बारीक कानशींनी फिरकी हाताने घडवता येते, पण दाते सारख्या अंतरावर आणि सारख्या उतारावर आले नाहीत तर ती अधेमधे अडकते, आणि आठ-दहा दिवसांची मेहनत वाया जाते. पहिल्या पेनासाठी तयार खटकाच काढून घ्यावा. सुतारही खिळे स्वतः घडवत बसत नाही.

पेनाची निवड आणि पहिले माप

एकाच प्रकारची दोन पेने घ्यावीत: एक कापण्यासाठी आणि दुसरे मापासाठी जसेच्या तसे ठेवण्यासाठी. पेनाचे वरचे आणि खालचे अंग आट्यांनी सुटे होणारे असावे, वरचे अंग 10 मिलिमीटरपेक्षा जाड नसावे आणि त्याची रिफिल गावात सहज मिळणारी असावी. प्लास्टिकही पाहून घ्यावे. नखाने दाबल्यावर मेणचट, किंचित लवचीक वाटणाऱ्या प्लास्टिकला कोणताही गोंद धड धरत नाही. टणक आणि टकटक वाजणारे प्लास्टिक चिकटवायला बरे.

आता कापण्यापूर्वीचे सर्वांत महत्त्वाचे माप घ्यावे. पेनाच्या तोंडाच्या कडेपासून मार्गनळीतल्या कंगोऱ्यांच्या खालच्या टोकांपर्यंतचे अंतर आपल्या लाकडी पेनात जसेच्या तसे आणायचे असते. त्यासाठी तुराटीची एक सरळ काडी वरच्या अंगात खालून घालावी, ती कंगोऱ्यांना अडली की अंगाच्या कडेशी नखाने खूण करावी आणि ती लांबी खालच्या अंगाच्या लांबीत मिळवावी. आट्यांचा जो भाग एकमेकांत जातो, तो दोनदा मोजला जाणार नाही याची काळजी घ्यावी. माझ्या पेनात रिफिल 106 मिलिमीटर लांब होती आणि हे अंतर 110 मिलिमीटर आले. पुढची सर्व मापे या आकड्यांवर आधारलेली आहेत. आपल्या पेनाचे अंतर वेगळे आले, तर तेवढाच फरक वरच्या तुकड्याच्या लांबीत करावा. हे अंतर एका मिलिमीटरने वाढले की टोक एक मिलिमीटर कमी बाहेर येते, इतका हा हिशेब सरळ आहे.

मग वरचे अंग एक्सॉ ब्लेडने (धातू कापायच्या करवतीच्या पात्याने) असे कापावे, की वरच्या कडेसह 30 मिलिमीटरचा तुकडा हाती येईल आणि सगळे कंगोरे त्यात शाबूत राहतील. वरची कड मुळीच कापू नये, कारण दट्ट्याला बाहेर पडू न देणारा काठ तिथेच असतो. क्लिप आणि बाहेरचे उंचवटे कानशीने घासून तुकडा गोल करावा. त्याच्या बाहेरच्या बाजूला तिकोनी कानशीने आडव्या-तिडव्या चिरा पाडाव्यात, म्हणजे गोंदाला पकड मिळते.

लाकूड

खानदेशात या कामासाठी लाकडाची वाण नाही. धाब्याची घरे पाडून तिथे स्लॅबची घरे उभी राहत आहेत आणि त्यांच्या तुळया, खांब, चौकटी जळाऊ लाकडाच्या भावाने विकल्या जातात. त्यात साग मिळतो, कडुनिंब मिळतो, मोडक्या गाडीच्या चाकातून बाभूळ मिळते आणि नशीब चांगले असेल तर अंजन मिळतो. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर वाढणारा हा वृक्ष, त्याचे लाकूड तांबूस काळसर, अतिशय जड आणि इतके टणक की साधी करवत त्यावर कुरकुरते. बारीक भिंतीच्या पेनाला माझ्या मते यासारखे दुसरे लाकूड नाही. जंगलातून ओली फांदी तोडून आणण्याचा विचारही करू नये; तो गुन्हा तर आहेच, शिवाय ओले लाकूड या कामाला निरुपयोगी असते.

जुने लाकूडही पावसाळ्यात ओल धरते. मी एकदा कडुनिंबाचे पेन भर आषाढात केले, नळ्या चिकटवल्या, वापरायलाही घेतले. वैशाखात, जेव्हा जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा लाकूड आकसले, आतली नळी काही आकसली नाही आणि पेन टोकापासून सांध्यापर्यंत उभे तडकले. म्हणून ठोकळ्याला भोके पाडून तो आठ दिवस सावलीत, हवेशीर जागी ठेवावा आणि मगच नळ्या बसवाव्यात. होळीनंतरचे दिवस त्यासाठी उत्तम.

20 मिलिमीटर चौरस जाडीचे दोन ठोकळे कापावेत: खालच्या अंगासाठी 67 मिलिमीटर आणि वरच्यासाठी 77 मिलिमीटर लांब. जादा दोन-दोन मिलिमीटर टोके सपाट करताना जातात आणि 65 व 75 उरतात.

भोके

आधी भोक पाडावे आणि नंतर त्या भोकाभोवती बाहेरचा आकार गोल करावा. लाकडाच्या रेषेने जाणारे बिट थोडेफार भरकटतेच. ठोकळा जाड असला, तर ते भरकटणे पुढे घासण्यात निघून जाते. ठोकळा शिकंज्यात उभा पकडावा, शेजारी गुण्या उभा करावा आणि दुसऱ्या एखाद्याला काटकोनातल्या बाजूने पाहायला बसवावे. ड्रिल धरणाऱ्याला एका बाजूचा कलच दिसतो, दुसऱ्या बाजूचा दिसत नाही. दर सेंटिमीटरला बिट बाहेर काढून भुसा झटकावा. अंजनात भुसा अडकला तर बिट तापते, जळका वास येतो आणि भोक मोठे होते.

खालच्या ठोकळ्यात 4 मिलिमीटरचे भोक आरपार पाडावे. मग वरच्या टोकाकडून 5 मिलिमीटरचे बिट 55 मिलिमीटर खोलीपर्यंत न्यावे, म्हणजे तोंडाशी 10 मिलिमीटर भाग बारीक राहील. या रुंद भागात स्प्रिंग बसते. शेवटी त्याच टोकाकडून 7 मिलिमीटरचे भोक 20 मिलिमीटर खोल करावे; तिथे सांध्याची नळी येईल. बिटावर किती खोल जायचे त्या ठिकाणी इन्सुलेशन टेपचा वेढा दिला की मोजत बसावे लागत नाही. वरच्या ठोकळ्यात 6 मिलिमीटरचे भोक आरपार पाडून वरच्या बाजूने 10 मिलिमीटरचे बिट 42 मिलिमीटर खोल न्यावे. मार्गनळी 30 मिलिमीटरची असताना 42 कशाला, असा प्रश्न पडेल. दट्ट्या दाबल्यावर फिरकी मार्गनळीच्या खाली उतरते आणि तिला तिथे मोकळी जागा नसेल, तर ती फिरणारच नाही.

बाहेरचा आकार

लेथ असेल तर उत्तमच. नसेल, तर आट्यांची सळई ठोकळ्यातून आरपार घालून दोन्हीकडे नट आवळावेत. खालच्या तुकड्याला 4 मिलिमीटरची आणि वरच्याला 6 मिलिमीटरची सळई लागते. जिथे भोक रुंद आहे, तिथे सळईवर टेप गुंडाळून ती मधोमध आणावी. सळईचे एक टोक बाकाला घट्ट बांधलेल्या ड्रिलमध्ये पकडावे आणि दुसरे टोक एका लाकडी ठोकळ्यातल्या भोकात टेकवावे. आधी पटाशीने चारही कोपरे उडवून अष्टकोन करावा, नंतर कमी वेगात फिरवत रवाळ कानस, बारीक कानस आणि काचपेपर या क्रमाने गोल करावे. उन्हाळ्यात गळ्यात उपरणे किंवा रुमाल टाकून काम करण्याची आपल्याकडे सवय आहे; फिरत्या सळईजवळ ते गळ्यात असता कामा नये. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर फडके असावे.

वरचे अंग 13.5 ते 14 मिलिमीटरपेक्षा बारीक करू नये, कारण आत 10 मिलिमीटरचे भोक आहे. खालचे अंग तोंडाकडे निमुळते करत 8 मिलिमीटरपर्यंत नेता येते. क्लिप मी लावत नाही. पेन टेबलावरून गडगडू नये म्हणून वरच्या अंगाची एक बाजू कानशीने किंचित सपाट करतो.

सांधा आणि तोंड

लाकडात आटे पाडले तर ते झिजतात, म्हणून सांध्यासाठी रेडिओच्या एरियलचा उपयोग करावा. तिच्या नळ्या एकमेकींत सरकणाऱ्याच असतात. बाहेरून साधारण 7 मिलिमीटरची नळी आणि तिच्यात बसणारी पुढची नळी, असे दोन लागोपाठचे तुकडे निवडावेत. नळीच्या टोकाची आवळलेली कड काढून टाकावी आणि कापताना नळी चेपू नये म्हणून तिकोनी कानशीने गोल खाच पाडत जाऊन मग तोडावी. रुंद नळीचा 20 मिलिमीटरचा तुकडा खालच्या अंगात पूर्ण आत बसवावा. अरुंद नळीचा 33 मिलिमीटरचा तुकडा वरच्या अंगात 18 मिलिमीटर आत आणि 15 मिलिमीटर बाहेर ठेवावा. दोन्ही अरल्डाइटने चिकटवून रात्रभर न हलवता ठेवावेत.

हा सांधा नुसता सरकता ठेवून चालत नाही. पेनातली स्प्रिंग दोन्ही अंगांना सतत एकमेकांपासून दूर ढकलत असते. एका बैठकीत सही करण्यासाठी मी मोठ्या ऐटीत खटका दाबला आणि खालचे अंग सुटून समोरच्या गृहस्थांच्या चहाच्या बशीत पडले. त्यानंतर मी बाहेर राहिलेल्या नळीच्या टोकाला एक्सॉ ब्लेडने 8 मिलिमीटर लांबीच्या समोरासमोर दोन चिरा देतो आणि सुईच्या टोकाने ती अगदी थोडी फाकवतो. पेन उघडताना मनगटाला जोर लावावा लागला, की सांधा बरोबर झाला असे समजावे.

तोंडासाठी स्पोकचे निपल घ्यावे. ते पितळी आहे की लोखंडी, हे लोहचुंबकाने पाहून पितळीच निवडावे. त्यातले आटे 2.5 मिलिमीटरच्या बिटाने काढून टाकले, की रिफिलचे साधारण 2.3 मिलिमीटर जाडीचे धातूचे टोक त्यातून मोकळेपणी जाते. निपलचे बोंडूक घासून काढावे, लांबी 10 मिलिमीटर करावी आणि ते 4 मिलिमीटरच्या भोकात गोंद लावून बाहेरून बसवावे. निपलची आतली कड हीच स्प्रिंगची बैठक होते, त्यामुळे तिथे गोंदाचा थेंबही राहता कामा नये.

जुळवणी

आता मार्गनळी, फिरकी, दट्ट्या, रिफिल आणि स्प्रिंग न चिकटवता बसवावे. मार्गनळीवर सेलोटेपचा एक-दीड वेढा देऊन ती वरच्या भोकात घट्ट सरकेल अशी करावी आणि खटका दाबून टोक बाहेर काढावे. टोक निपलपासून 2.5 ते 3 मिलिमीटर बाहेर आले पाहिजे आणि आत गेल्यावर दिसता कामा नये. कमी बाहेर येत असेल तर मार्गनळी खाली सरकवावी, जास्त येत असेल तर वर घ्यावी. बाजारातल्या पेनात हे माप साच्यात ठरलेले असते. आपल्याला ते बोटाने ठरवण्याची मुभा आहे, म्हणून घाई करू नये. पन्नासेक वेळा खटका दाबून पाहावा, एक ओळ लिहावी, पुन्हा दाबावा. समाधान झाले की मार्गनळी लाकडाच्या वरच्या कडेपासून किती आत किंवा बाहेर आहे, ते लिहून ठेवावे.

चिकटवताना दट्ट्या आणि फिरकी मार्गनळीत आतच राहू द्यावी, कारण नंतर ती खालच्या अरुंद भोकातून आत जात नाहीत. टेप सोडवावी आणि गोंद मार्गनळीच्या वरच्या अर्ध्या भागावरच काडीने पातळ लावावा. नळी वरून आत ढकलताना गोंद पुढे लोटला जातो आणि खालच्या भागाला लावलेला असेल तर तो थेट कंगोऱ्यांवर येऊन बसतो. तसे झाले की त्या मार्गनळीचा उपयोग संपला. चिकटवण्यापूर्वीच फिरकीच्या पंखांवर शिसपेन्सिलीचे टोक घासावे आणि वाळल्यावर खटका अडखळत असेल, तर आत भुसा किंवा गोंदाची पापडी आहे का ते पाहावे. तेल घालू नये. तेलाला धूळ चिकटते आणि महिनाभरात खटका जड होतो.

पॉलिश

दोन्ही अंगे जोडून 220, 400 आणि 600 नंबरच्या काचपेपरने रेषेच्या दिशेने घासावे, म्हणजे सांध्याशी बोटाला पायरी लागत नाही. त्यावर जवसाच्या तेलाचे दोन-तीन अतिशय पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर दोन-तीन दिवस थांबावे. घरात शेंगदाण्याचे तेल हाताशी असते, पण ते वाळत नाही, चिकट राहते आणि खवट होते. जवसाच्या तेलाने भिजलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ते तेल वाळताना उष्णता सोडते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पाण्यात भिजवून टाकावे किंवा एकेक पसरून वाळवावे. अधिक चकाकी हवी असेल, तर 100 मिलिलिटर स्पिरिटमध्ये 20 ग्रॅम चपडा लाख विरघळवून सुती बोळ्याने हात द्यावेत. मात्र हातावरचे सॅनिटायझर या पॉलिशला लागले की डाग पडतात.

रिफिल संपल्यावर

त्याच मापाची रिफिल मिळाली नाही, तर रिफिलचे टोक आणि जाडी जुळते का एवढेच पाहावे; लांबीचे काम घरी करता येते. प्लास्टिकची रिफिल लांब असेल, तर शेपटाकडचा शाई नसलेला भाग ब्लेडने सरळ कापावा. आखूड असेल, तर जुन्या रिकाम्या रिफिलचा हवा तेवढा तुकडा कापून फिरकी आणि नव्या रिफिलचे शेपूट यांच्यामध्ये ठेवावा. तो तुकडा गोंदाने बंद करू नये, कारण शाई खाली उतरते तशी मागून हवा आत यावी लागते. वाट बंद झाली, तर रिफिल भरलेली असूनही पेन चालत नाही. पार्कर जॉटरसारख्या पेनातली धातूची जाड रिफिल 98 मिलिमीटर लांब आणि 6 मिलिमीटरच्या आसपास जाड असते, त्यामुळे ती या पेनाच्या 5 मिलिमीटरच्या भोकात उतरणार नाही. तिच्यासाठी दुसरे पेन करावे आणि पहिले माप पुन्हा त्या रिफिलपासून घ्यावे.